सूर्याकडे पाठ

तीन खग्रास सूर्यग्रहणांना हजेरी लावूनही त्यांतले एकही न पाहिलेल्या बाई चौथ्या ग्रहणाला निघाल्या, तेव्हा वेधशाळेच्या बसमध्ये त्यांना सर्वांत मागची, घड्याळाच्या पेटीशेजारची जागा मिळाली. खिडकी पेटीला मिळाली होती.

वेधशाळेत त्यांना घड्याळबाई म्हणत. तळघरातली चार घड्याळे सांभाळणे आणि रोज सकाळी प्रत्येकाची चूक सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वहीत टिपून ठेवणे, हे त्यांचे एकतीस वर्षांचे काम. मोहिमेच्या दिवसांत त्यावर आणखी एक काम येई: सेकंद पुकारणे. सूर्य पूर्ण झाकला जातो तो जेमतेम दोन-तीन मिनिटे. तेवढ्यात आठ दुर्बिणींवरच्या आठ माणसांना फोटो घेण्यासाठी नेमक्या क्षणी झडपा उघडायच्या असतात, नेमक्या क्षणी मिटायच्या असतात. त्यांचे डोळे दुर्बिणीला आणि हात झडपेला जखडलेले, त्यामुळे वेळ कळायची ती कानांनीच. म्हणून एकाने घड्याळ पाहत मोठ्याने सेकंद मोजायचे.

या एकाने सूर्याकडे पाठ करून बसावे, असा वेधशाळेचा नववा नियम होता. तो संस्थापकांनी दुसऱ्या मोहिमेनंतर लिहिला. त्या मोहिमेत पुकारणाऱ्या गृहस्थांनी एकतिसाव्या सेकंदाला मान वळवली, "अरे बापरे" एवढेच म्हटले, आणि सूर्य पुन्हा बाहेर येईपर्यंत त्यांच्या तोंडून अक्षर फुटले नाही. आठ जणांची वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून पुकारणाऱ्यासाठी तीन बाजूंनी काळ्या कापडाने बंद केलेला एक आडोसा उभारला जाई. आत एक स्टूल, एक टेबल, एक घड्याळ. सगळे त्याला कपाट म्हणत. बाईंनी तीन मोहिमांत मिळून सात मिनिटे अकरा सेकंद त्या कपाटात बसून काढली होती.

या मोहिमांचे अहवाल छापलेले आहेत. ज्याला सवड असेल त्याने ते चाळून पाहावेत. त्यांत तंबू देणाऱ्याचे नाव आहे, पाण्याचे पिंप देणाऱ्याचे आहे, मान वळवणाऱ्या त्या गृहस्थांचे तर पदवीसकट आहे. घड्याळबाईंच्या तीनही मोहिमांबद्दल एकच वाक्य सापडते, तेही तिन्ही खंडांत अक्षरशः सारखे: 'वेळ पुकारण्याची व्यवस्था समाधानकारक होती.' व्यवस्थेला आईबाप नसतात, निवृत्तीचे वय नसते, आणि मान वळवावीशी वाटत नाही. माणसाला व्यवस्था म्हणण्याची सोय ज्याने शोधून काढली, त्याला विद्वत्तेच्या इतिहासात फार वरची जागा द्यायला हवी. ती अजून कशी दिली गेली नाही, याचेच नवल.

निवृत्तीचे वय आता चार महिन्यांवर आले होते. बसने गाठता येईल अशा ठिकाणी यानंतरचे खग्रास ग्रहण यायला एकवीस वर्षे होती. म्हणून बाईंनी सहा महिने आधीच संचालकांकडे अर्ज केला की या वेळी सेकंद पुकारण्याचे काम दुसऱ्या कुणाला द्यावे, शिकवण्याची जबाबदारी माझी. अर्जावर शेरा आला: 'चर्चा करू.' ज्यांची हयात कार्यालयांत गेली आहे त्यांना याचा अर्थ सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की त्या दोन शब्दांत चर्चाही नसते आणि करणेही नसते.

"मावशी, तुला खरंच एकदाही दिसलं नाही?" बाईंच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या, ग्रहण पाहायला बरोबर आलेल्या भाचीने विचारले. ही भाची पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठापर्यंत पोचवण्याच्या सवयीचा, त्यामुळे अख्ख्या बसने हा प्रश्न ऐकला.

"अंधार दिसला. काटा दिसेनासा होतो, मग मी बॅटरी लावते."

"आणि मागे एवढं सगळं चाललेलं असतं ते?"

"मागे लोक ओरडतात. त्यावरून कळतं की बरं चाललंय."

"धन्य आहेस! मी असते तर पहिल्याच वेळी घड्याळ टाकून पळाले असते."

"म्हणून तुला कुणी घड्याळ देत नाही."

पुढच्या बाकावरून संचालक मागे वळले. ते अत्यंत सभ्य गृहस्थ होते. कुणाचाही अर्ज नाकारताना त्यांचा आवाज चढल्याचे कुणाला आठवत नव्हते. "अहो, तुमच्या मावशींचा आवाज म्हणजे देणगी आहे," ते भाचीला म्हणाले. "जराही थरथरत नाही. असा माणूस शोधून मिळत नाही."

"शोधला होतात का, साहेब?" बाईंनी विचारले.

"चर्चा करू," साहेब म्हणाले आणि पुन्हा पुढे पाहू लागले.

बाहेर रस्ता माणसांनी फुलून गेला होता. चंद्राची सावली जिथून जाणार तो पट्टा जेमतेम शंभर किलोमीटर रुंदीचा, आणि पट्ट्याबाहेरचे सारे जग जणू त्यात घुसायला निघाले होते. टपांवर गाद्या बांधलेल्या मोटारी, घडीच्या खुर्च्या घेतलेल्या सायकली, एका ट्रकमध्ये चक्क सोफा आणि त्यावर ओळीने बसलेल्या चार म्हाताऱ्या. एका जागी बस तासभर अडकली, तेव्हा शेजारच्या मोटारीतल्या शिंप्याने खिडकीतून विचारले, "तुम्ही वेधशाळेचे ना? मग नक्की होणार ना हो? मी तीन लग्नांचे कपडे अर्धवट टाकून आलोय!"

"होणार," बाई म्हणाल्या. "अकरा वाजून बावीस मिनिटं नऊ सेकंदांनी."

"नऊ सेकंदांनी!" शिंप्याने बायकोकडे वळून सांगितले. "बघ, याला म्हणतात शब्द देणं. नाहीतर तू. पाच मिनिटांत आले म्हणतेस!"

"एवढी घाई होती तर सूर्याशी लग्न करायचं होतं," आतून उत्तर आले, आणि दोन्ही गाड्यांत हशा पिकला.

वेधशाळेला जागा मिळाली होती ती बंद पडलेल्या काचकारखान्यामागच्या फुटबॉलच्या मैदानात. अर्ध्या मैदानाला दोरी लावून आत दुर्बिणी उभ्या केल्या. दोरीबाहेर पहिल्या संध्याकाळपर्यंत हजार माणसे जमली, दुसऱ्या दिवशी ती चार हजार झाली. कपाट मैदानाच्या कडेला, कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दुर्बिणी दूरदूर पसरलेल्या असल्याने या वेळी प्रथमच लाउडस्पीकर आणला होता. त्याचे चार कर्णे चार दिशांना, म्हणजे दोन दोरीच्या आत आणि दोन अर्थातच गर्दीकडे.

या ग्रहणाची खग्रास अवस्था एकशे अडुसष्ट सेकंदांची. नियमावलीप्रमाणे दोन दिवस रोज आठ तालमी व्हायच्या, आणि प्रत्येक तालीम पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण. बाईंची मोजण्याची रीत त्यांची स्वतःची होती. मोठे आकडे उच्चारायला वेळ खातात, ठोका चुकतो. म्हणून त्या एकपासून नऊपर्यंतच मोजायच्या आणि दहाव्या ठोक्याला दशक सांगायच्या: एक, दोन, तीन... आठ, नऊ, दहा. एक, दोन, तीन... आठ, नऊ, वीस. दशक ऐकले की आठ जणांनी आठ झडपा उघडायच्या किंवा मिटायच्या.

ज्या चार हजार माणसांना दोन दिवस दुसरे काहीच काम नाही, त्यांच्या कानांवर हे दिवसातून आठ वेळा पडू लागले, तर काय होईल हे सांगायला विद्वत्ता लागत नाही. विद्वानांच्या मात्र ते लक्षात आले नव्हते. पहिल्या दोन तालमी लोकांनी कुतूहलाने ऐकल्या. तिसरीला गर्दीतला कुणी तरी "नऊ"च्या मागोमाग, बाईंच्याही आधी, "तीस!" म्हणून ओरडला. चौथीला निम्मे मैदान मोजत होते. पाचवीपर्यंत त्या मोजणीला नाना उपयोग फुटले होते. एका न्हाव्याने पैज लावून एकशे अडुसष्टात गिऱ्हाइकाची दाढी उरकली. एका आईने पोरांना दात घासायला लावले, नव्वदच्या आत थुंकायचे नाही या बोलीवर. सोफ्यावरच्या चार म्हाताऱ्यांनी दशकांवर टाळ्या धरल्या.

संचालक कपाटाशी आले. "बाई, ही गर्दी फार गडबड करते आहे. तिला गप्प करा."

"मला घड्याळं गप्प करता येतात, साहेब. माणसं माझ्या हाताखाली नाहीत."

"मग निदान मोजू नका म्हणावं."

"सूर्य उघड्यावर आहे. आकडेही उघड्यावर आहेत. मनाई कुठल्या नियमाखाली करू?"

साहेबांनी नियमावली आठवून पाहिली. गर्दीबद्दल तीत अवाक्षर नव्हते. संस्थापकांच्या कल्पनेत विज्ञान आणि लोक कधी एकाच मैदानात आले नव्हते.

दुपारी भाची कपाटात डोकावली. "मावशी, एक डोक्यात आलंय. हे सगळे मोजतातच की! मधेच तू गप्प बसलीस तर कुणाला कळणार?"

"मला कळेल."

"तुला सोडून."

बाईंनी हातानेच तिला बाहेर पिटाळले. पण सातव्या तालमीत त्यांनी एक गोष्ट केली, जी एकतीस वर्षांत केली नव्हती. चाळीस म्हटल्यावर त्यांनी माइक खाली ठेवला आणि ओठ मिटून घड्याळ पाहत राहिल्या. मैदान मोजत राहिले. दुर्बिणींवरची माणसे झडपा उघडत-मिटत राहिली, एकानेही मान वर केली नाही. मैदानाने "साठ" म्हटले तेव्हा काटा मात्र अठ्ठावन्नावर होता.

वीस सेकंदांत दोन सेकंदांची चूक! बाईंनी मनाशी हिशेब केला: पूर्ण एकशे अडुसष्ट सेकंद या वेगाने गेले तर पंधरा-सतरा सेकंदांची चूक होणार, आणि प्रत्यक्षात लोक जास्तच चेकाळणार. तळघरातल्या सर्वांत आळशी घड्याळाला एवढे चुकायला चार वर्षे लागली असती.

"पळतात," त्या भाचीला म्हणाल्या. "जमणार नाही."

"पळू देत ना! आनंदात माणूस पळतोच."

"आठ जणांची वर्षाची मेहनत आहे ग. मान वळवली की तिच्यावर पाणी. मी तो माणूस होणार नाही."

भाचीने काळ्या कापडाची कडा बोटाला गुंडाळली. "आणि तुझी एकतीस वर्षं?" तिने विचारले, तेही चक्क हळू आवाजात. त्यामुळे बाईंना ते जास्तच ऐकू आले.

ग्रहणाच्या दिवशी आकाश निरभ्र होते. दहापासून चंद्र सूर्याला कुरतडू लागला. अकरा वाजता ऊन पातळ झाले, सावल्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या धारदार झाल्या, कपाटात शिरण्याआधी काचकारखान्याच्या भिंतीवर बाईंना आपल्या सावलीतल्या केसांची एकेक बट वेगळी दिसू लागली. ग्रहणातले त्यांना दिसत होते ते एवढेच. बावीसला एक मिनिट असताना मैदान हळूहळू शांत झाले. भिंतीचा रंग आधी राखेचा, मग शिशाचा झाला. गार वारा सुटला. मागून चार हजार माणसांनी एकदम श्वास ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मग जी आरोळी उठली ती बाईंनी याआधी तीन वेळा पाठीवर झेलली होती.

"एक," बाई म्हणाल्या. "दोन. तीन."

आवाज थरथरला नाही. बॅटरीच्या उजेडाच्या लहानशा वर्तुळात काटा ठोके देत होता. दहाला निम्मे मैदान त्यांच्याबरोबर होते, वीसला सगळे. आरोळी मोजणीत विरघळत गेली. लोक हसत होते, रडत होते आणि मोजत होते, तिन्ही एकाच तोंडाने. तीस. चाळीस. बाई माइकमध्ये बोलत होत्या, पण त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईना. त्यांनी तो वाढवला, तरीही येईना. पन्नासाला त्यांच्या ध्यानात आले की मैदानाने "पन्नास" आधीच म्हणून टाकले आहे, मैदान आता एकावन्नावर आहे, आणि आठही दुर्बिणी मैदानाचे ऐकत आहेत. ज्या आवाजासाठी त्यांना इथे बसवले होते तो या क्षणी फक्त कारखान्याच्या भिंतीला ऐकू जात होता.

बरोबर वेळ सांगत राहणे हे कर्तव्य खरे. पण कुणीही ऐकत नसताना बरोबर वेळ सांगत राहणे याला काय म्हणावे, हे नवव्या नियमात लिहिलेले नव्हते. बाईंनी माइक टेबलावर ठेवला. बॅटरी विझवली. स्टुलावरून उठून त्या कपाटाबाहेर आल्या आणि वळल्या.

पुस्तकांत वाचलेले सगळे खोटे निघाले असे नाही. प्रभामंडल होते, मोत्याच्या रंगाचे म्हणतात तसेच होते. पण पुस्तकांनी हे सांगितले नव्हते की मधला चंद्र काळा दिसत नाही, तो भोक पडल्यासारखा दिसतो, आकाशाला आरपार. भोवतीचा तो उजेड धुरासारखा हलत नव्हता, अगदी स्थिर होता, विंचरलेल्या पांढऱ्या केसांसारखा, डाव्या बाजूला एक लांब बट सुटलेली. क्षितिजावर चारी बाजूंनी नारिंगी उजेड, जणू सगळ्या दिशांना एकदम उजाडते आहे. आणि त्याखाली चार हजार वर वळलेले चेहरे, ओठ हलत असलेले. "सात, आठ, नऊ, नव्वद!" आकडे पळत होते. बाईंच्या अंगातल्या एकतीस वर्षांना ते कळत होते, जिभेवर दुरुस्ती येऊन बसली होती. त्यांनी ती गिळली. अशा चवीचे काही त्यांनी आजवर गिळले नव्हते.

भाची शेजारी येऊन उभी राहिली. तिने मावशीकडे पाहिले, मग वर.

"...सहा, सात, एकशे अडुसष्ट!" मैदान गरजले. तालमीत ठरल्याप्रमाणे आठही झडपा खाडकन मिटल्या आणि चार हजार माणसांनी काळे चष्मे डोळ्यांना लावले. त्यांना काहीही दिसेना. सूर्य अजून आतच होता. एकेकाने चष्मा वर करून पाहिले, मग शेजाऱ्याकडे, मग पुन्हा वर, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हास्याची लाट गेली.

"अजून आहे!" शिंपी ओरडला. "वर मिळालं!"

हे वरचे सेकंद पंधरा होते की सतरा, हे कुणीच सांगू शकत नाही, कारण त्या वेळी त्या मैदानात मोजणारे कुणी उरले नव्हते. आठ निरीक्षकांचे काम संपले होते. हात मोकळे, डोळे मोकळे, करायचे काहीच नाही. त्यांनी एकेक करून दुर्बिणीवरून मान काढली आणि वर पाहिले. सर्वांत शेवटी, आठव्या दुर्बिणीवरच्या संचालकांनी पाहिले. त्यांची टोपी मागे पडली, ती त्यांनी उचलली नाही.

बाईंना चंद्राच्या उजव्या कडेवर गुलाबी रेघ पेटलेली दिसली. घड्याळ पाठीमागे अंधारात टिकटिकत होते, पण या वेळी त्यांना त्याची गरज पडली नाही. त्या कपाटात धावल्या, माइक उचलला आणि म्हणाल्या, "चष्मे लावा! आता खरंच लावा!"

दोन ठोक्यांनी सूर्याचा पहिला थेंब बाहेर आला.

मग जो गोंगाट झाला त्याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. न्हावी, शिंपी आणि शिंप्याची बायको सोफ्यावर चढून म्हाताऱ्यांबरोबर टाळ्या पिटत होती, आणि पलीकडे कुणी तरी "पुन्हा! पुन्हा!" असे ओरडत होते, जणू चंद्र रंगमंचावरून आत गेला आहे आणि आग्रह केला तर परत येईल.

या सगळ्यातून वाट काढत संचालक कपाटापाशी आले. टोपी हातात होती, तीही उलटी.

"बाई, तुम्ही कुठपर्यंत मोजलंत?"

"पन्नासपर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे पाहिलं."

साहेबांनी टोपी सुलटी केली. बाई सरळ उभ्या राहिल्या. "फोटो चांगले येतील, साहेब, पण पन्नासनंतरच्या वेळा अहवालात देता येणार नाहीत. चूक माझी आहे, तसं मी लिहून देते."

"हो. लिहून द्यावं लागेल," साहेब म्हणाले. मग त्यांनी पाण्याचे रिकामे पिंप पालथे घातले आणि त्यावर बसले, जे त्यांच्या पदाला मुळीच शोभणारे नव्हते. "हे माझं सातवं ग्रहण. आजवर डोळा कायम भिंगाला. भिंगातून कडेचा एक तुकडा दिसतो, बाई. नखाएवढा. ते एवढं मोठं असतं, हे मला..." त्यांनी हाताने आकाशात काही तरी दाखवायचा प्रयत्न केला आणि हात खाली घेतला. "मला शेवटचे पंधराएक सेकंदच मिळाले. तुम्हाला मधलं सगळं मिळालं."

"मिळालं."

"डावीकडे काही लांबट होतं का? मी पाहिलं तेव्हा होतं असं वाटलं. की भास?"

"भास नव्हे. होतं. सूर्याच्या दुपटीहून लांब."

"दुपटीहून?" साहेब पुढे सरकले. "आणि टोकाला? टोकाला कसं होतं? सरळ, की वाकलेलं?"

"मावशी, बस उभी आहे," भाची दोरीपलीकडून ओरडली. "साहेबांना म्हणावं, वाटेत चर्चा करा!"

"थांबू दे," साहेब न वळता म्हणाले. "सांगा, बाई. अगदी पहिल्यापासून सांगा."

बाईंनी स्टूल उन्हात ओढले, साहेबांच्या समोर मांडले आणि बसून, मुळीच घाई न करता, सांगायला सुरुवात केली.